व्हायरस आल्यावर घरचा कॉम्प्युटर रिस्टोर होत नाही, काय करू?

तुम्ही लिहिलंय की घरी एकच डेस्कटॉप आहे, झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढून आणलेला पेनड्राइव्ह लावला तेव्हापासून तो बिघडला, आणि सिस्टम रिस्टोर तीनदा करूनही प्रत्येक वेळी ‘रिस्टोर पूर्ण झाले नाही’ असंच येतं. आत मुलीच्या शिष्यवृत्तीची कागदपत्रं आहेत, वडिलांचे फोटो आहेत. भाऊ, आता रिस्टोरचा नाद सोडा. आधी फोटो बाहेर काढा.

हे एवढं जोर देऊन सांगतो, कारण मी ते गमावून बसलोय. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या घरचा कॉम्प्युटर असाच अडकला होता. मी तो दुकानात नेला, त्यांनी न विचारता फॉरमॅट मारला. आईचा जात्यावर ओव्या म्हणतानाचा एकच व्हिडिओ होता, तो गेला. दुकानात द्यायचाच असेल तर ‘आतल्या फाइल्स हव्या आहेत’ हे आधी सांगा, चिठ्ठीवर लिहून द्या.

सिस्टम रिस्टोर विंडोजच्या फाइल्स, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) आणि बसवलेले प्रोग्राम मागच्या तारखेला नेतं. तुमच्या फोटो-कागदांना ते हातच लावत नाही, म्हणजे ते यशस्वी झालं तरी गेलेला फोटो त्यानं परत येत नसतो. शिवाय बरेच व्हायरस आधी रिस्टोर पॉइंटच, म्हणजे मागे जायला जपून ठेवलेल्या नोंदीच, पुसतात. कधी अँटिव्हायरसही स्वतःच्या फाइल्स बदलू देत नाही आणि रिस्टोर अर्ध्यात थांबतं. त्यामुळे फाइल्स बाहेर निघाल्यावर एकदाच असं करून बघा: शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट करा, ट्रबलशूटमधून ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जा आणि तिथून रिस्टोर चालवा. नाही झालं तर तो विषय संपला.

आता फाइल्सचं. पहिलं म्हणजे नेट काढा, वायफायचा डोंगल असेल तर उपसूनच ठेवा. मग ओळखीच्या कोणाच्या चांगल्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टम) डाउनलोड करून ८ जीबीच्या कोऱ्या पेनड्राइव्हवर रूफस हा मोफत प्रोग्राम वापरून चढवा. फाइल काही जीबीची आहे, गावात रोजच्या डेटा पॅकवर ती एका दिवसात उतरेलच असं नाही. तालुक्याला ज्याच्याकडे फायबर आहे त्याच्याकडे बसा. हा पेनड्राइव्ह लावून कॉम्प्युटर सुरू करा आणि लगेच एफ१२ दाबत राहा (काही कंपन्यांत एफ९ किंवा एस्केप). यादी आली की त्यात पेनड्राइव्ह निवडा. मिंट थेट पेनड्राइव्हवरून चालतं. डेस्कटॉपवर ‘इन्स्टॉल’चं चिन्ह दिसेल, त्याला हात लावू नका.

वाशीमला बहिणीच्या घरी मी हेच केलं. तिचा पेनड्राइव्ह विंडोजमध्ये उघडला तर सगळे शॉर्टकट. मिंटमध्ये लावला तर एक बिननावाचं फोल्डर दिसलं, नावाच्या जागी फक्त रिकामी जागा. उघडलं तर भाच्याच्या बारशाचे सगळे फोटो आत जसेच्या तसे. व्हायरसनं ते एका फोल्डरात कोंबून लपवले होते, इतकंच. बहीण तिथेच रडायला लागली.

फोटो, व्हिडिओ, पीडीएफ, वर्डच्या फाइल्स दुसऱ्या हार्डडिस्कवर घ्या. सेटअप, क्रॅक, शॉर्टकट यातलं काहीही घेऊ नका. सी ड्राइव्ह कुलूपबंद दिसला तर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं ड्राइव्हला लावलेलं कुलूप, आहे. त्याची ४८ अंकी की बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते.

मात्र फोटोच्या नावामागे अनोळखी अक्षरं जोडलेली असतील आणि पैशाची मागणी करणारी चिठ्ठी पडलेली असेल, तर ते रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आहे. पैसे देऊ नका, त्या फाइल्स पुसूही नका. ‘नो मोअर रॅन्सम’ हा युरोपोल, डच पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेला मोफत उपक्रम आहे. तुमच्या प्रकाराची चावी तिथे असेल तर फोटो सुटतात, आज नसेल तर पुढे येऊ शकते.

यानंतर विंडोज कोरं टाका. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल (विंडोजचा इन्स्टॉल पेनड्राइव्ह बनवणारा प्रोग्राम) घेऊन दुसरा पेनड्राइव्ह बनवा. इन्स्टॉल करताना फोटोंची हार्डडिस्क काढून ठेवा. सी ड्राइव्हचं पार्टिशन पुसताना डी ड्राइव्ह तर पुसत नाही ना, हे साइज बघून दोनदा तपासा. विंडोज आधी ॲक्टिव्ह असेल तर ‘प्रॉडक्ट की नाही’ निवडा, तेच व्हर्जन टाकल्यावर नेट लागताच ते बहुधा आपोआप ॲक्टिव्ह होतं. आणि लाईन जायच्या वेळेत हे काम काढू नका. इन्स्टॉल मध्येच तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा मशीन चालवत असेल तर ११ टाका.

बँकेचे, ईमेलचे पासवर्ड आजच मोबाईलवरून बदला. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर तात्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

वडिलांचे फोटो आता उघडतात का, आणि त्यांच्या नावामागे काही जोडलेलं दिसतं का, तेवढं कळवा. पुढचं त्यावरच ठरेल.