वाचकांचे प्रश्न : रक्त पातळ करणारी गोळी सुरू करण्याआधी

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे आहेत. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून डॉक्टरांनी अ‍ॅसिनोकुमारोल ही रक्त पातळ करणारी गोळी लिहून दिली आहे. गुडघेदुखीसाठी ते मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून घेतात. पालेभाज्या बंद करा, असं शेजारी सांगतात. गोळी सुरू करण्याआधी काय पाहावं?

उत्तर : आधी डायक्लोफिनॅक. ते घेतात हे डॉक्टरांना माहीत आहे का? या औषधाने जठराच्या अस्तराला इजा होते आणि प्लेटलेटचं (रक्त थांबवणाऱ्या पेशींचं) कामही मंदावतं. त्यात ही गोळी पडली, तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल त्यामानाने बरं, पण तेही रोज भरपूर घेतलं तर आयएनआर वाढतो. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा हा आकडा; तो जितका जास्त, तितकं रक्त उशिरा गोठतं. दुखतंय म्हणून कमरेत सुई टोचून घेऊ नका. स्नायूत रक्त साकळतं.

अल्सर, काळी शौच, रक्ती मूळव्याध, डोक्याला मार, वारंवार तोल जाणं, दारू यांतलं काही असेल तर न लपवता सांगा. रक्तदाब आटोक्यात हवा. सुरुवातीलाच हिमोग्लोबिन, प्लेटलेट, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी), यकृताची तपासणी आणि पीटी-आयएनआर करून ठेवा.

खरं तर या गोळीने रक्त पातळ होतच नाही. यकृत व्हिटॅमिन के वापरून रक्त गोठवणारे घटक तयार करतं, त्या कामात ती आडकाठी करते. आधी तयार झालेले घटक संपायला वेळ लागतो, म्हणून परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो. आयएनआर एरवी १ च्या आसपास असतो. या आजारात तो साधारण २ ते ३ ठेवतात.

मेथी, पालक, कोथिंबिरीत व्हिटॅमिन के भरपूर असतं. तरी त्या बंद करू नका. नेहमीच्या जेवणावरच डोस बसवला जातो. एरवी आठवड्यातून दोनदा भाजी आणि मग एकदम रोज हिरव्या पानांचा रस, असं झालं की आयएनआर खाली येतो. लांबलचक उपवासाने उलट होतं. फोडणीतल्या हळद-लसणाची चिंता नको, पण त्यांच्या कॅप्सूल आणि काढे विचारल्याशिवाय नकोत. जुलाबांवर सर्रास दिलं जाणारं मेट्रोनिडॅझोलही आयएनआर चांगलाच वाढवतं.

गोळी संध्याकाळी ठरल्या वेळी घ्यावी. सकाळच्या रिपोर्टवरून त्याच दिवशीचा डोस बदलता येतो. वहीत ‘अर्धी गोळी’ न लिहिता मिलिग्रॅम लिहा. १ ऐवजी २ मिलिग्रॅमची पट्टी घरात आली, तर तीच अर्धी गोळी दुप्पट डोस ठरते. गोळी चुकली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. दात काढायचा असला तरी परस्पर बंद करू नका.

डांबरासारखी शौच, लाल लघवी, दहा मिनिटं दाबूनही न थांबणारं नाकातलं रक्त किंवा डोक्यावर पडणं, मग जखम दिसो वा न दिसो, लगेच रुग्णालयात न्या.

प्रश्न : आयएनआर तपासावा न लागणाऱ्या नव्या गोळ्या सगळ्यांनाच का देत नाहीत?

उत्तर : हृदयात धातूची झडप बसवलेल्यांना त्या चालत नाहीत, मायट्रल झडप बरीच अरुंद झालेल्यांनाही जुनीच गोळी देतात. बाकीच्यांत मूत्रपिंडाचं काम पाहून डोस ठरतो. रिव्हारोक्साबॅन १५ किंवा २० मिलिग्रॅम जेवणासोबतच घ्यावी, डॅबिगट्रानची कॅप्सूल फोडू नये. यांचा परिणाम दिवसभरात ओसरतो, त्यामुळे चुकलेली गोळी इथे जास्त महागात पडते.