वेल्श टीव्ही-रेडिओ ऐकून वेल्श शिकता येते का? त्यात वेळ घालवावा का?

वेल्समधल्या बँगोरला शिकायला चाललायत, क्लासला वेळ नाही, नुसत्या टीव्ही-रेडिओवर भागेल का आणि पाच-साडेपाच लाख लोकांच्या भाषेसाठी एवढा खटाटोप कशाला, असं विचारलंय तुम्ही. पहिल्याचं उत्तर: कान तयार होतो, तोंड उघडत नाही.

दुसरा प्रश्न मात्र झोंबला, कारण आमच्या भाऊजींनी साताऱ्यात भर पंगतीत हेच विचारलं होतं, 'एवढ्याशा लोकांसाठी अख्खं वेल्श चॅनल? चोचले नुसते.' तेव्हा मला काही बोलता आलं नाही.

मी दक्षिण वेल्समधल्या कारमार्थनला दोन वर्षं एका बाईंकडे भाड्याने राहायचो. 'पोबोल अ कूम' लागलं की घरात कुणी हलायचं नाही. कूमदेरी नावाच्या काल्पनिक गावाची मालिका, 1974 पासून चालूय, आपल्याकडच्यासारखीच भांडणं आणि लफडी, फक्त दागिने कमी. मी इंग्रजी सबटायटल लावायचो, त्या बंद करायच्या. शेवटी एक दिवस बाईंनी कॉर्नफ्लेक्सचा खोका फाडून त्याची लांब पट्टी केली, टीव्हीच्या खालच्या कडेला चिकटपट्टीने डकवली आणि म्हणाल्या, अडलास तरच उचलून बघ. पहिल्या आठवड्यात उचलून उचलून पट्टीच सुटली. पण दोन-तीन महिन्यांनी पबमधली भांडणं न बघता कळायला लागली.

त्याच बाईंनी सांगितलं की भाऊजी ज्याला चोचले म्हणाले ते वेल्श चॅनल, एस-फोर-सी, कुणी ताटात वाढून दिलेलं नाही. 1979 मध्ये निवडून आलेल्या थॅचर सरकारने वेल्श चॅनलचं आश्वासन फिरवलं, लोकांनी टीव्ही लायसन्सचे (तिकडे टीव्ही बघायला दरवर्षी भरावे लागतात ते) पैसे भरायचं बंद केलं, आणि 1980 मध्ये वेल्श राष्ट्रवादी पक्षाचे नेते ग्विनवोर एव्हन्सनी 6 ऑक्टोबरपासून आमरण उपोषणाला बसतो म्हणून जाहीर केलं. 17 सप्टेंबरलाच सरकार नमलं. 1 नोव्हेंबर 1982 ला एस-फोर-सी सुरू झालं. बाईंनीही तेव्हा लायसन्स भरलं नव्हतं, कोर्टात उभं राहायची तयारी होती, पण वडिलांनी गुपचूप पैसे भरून टाकले, त्याचा राग अजून आहे. (वेल्शमध्ये चारला 'पेदवार' आणि 'सी' अक्षराला 'एक' म्हणतात, त्यामुळे चॅनलचं नाव 'एस पेदवार एक' असं ऐकू येतं, मला आधी वाटलं मराठीतच मोजतायत.)

तर भाऊजी, चोचले असते तर म्हातारा माणूस उपाशी मरायला निघाला नसता. आणि आपण आठ कोटींच्या वर असून घरात कार्टून हिंदीत लावतो, त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

हां, एक राहिलंच. पोबोल अ कूम दक्षिणेचं आहे, बँगोर उत्तरेत. 'आत्ता'ला दक्षिणेत 'नाउर' आणि उत्तरेत 'रूअन', वेल्श स्पेलिंग अक्षरशः उलटं. दुधाचा शब्दसुद्धा वेगळा. तुम्ही 'रौन्द आ रौन्द' ही मालिका बघा, ते बँगोरच्या पलीकडेच, मेनाय ब्रिजला शूट होतं. रेडिओ कुम्री, म्हणजे बीबीसीचं वेल्श स्टेशन, सकाळी चहा करताना लावून ठेवा, कळो न कळो. माझी स्वतःची वेल्श अजून दुकानात तीन वाक्यांच्या पुढे जात नाही, समोरचा इंग्रजीवर येतो, म्हणून क्लास अगदीच सोडू नका. खोक्याची पट्टी मात्र पहिल्याच दिवशी लावा.