औषधे चालू असताना गाठ वाढली, म्हणजे निदान चुकले का?

प्रश्न : माझ्या 22 वर्षांच्या पुतण्याला आकडी आल्यावर एमआरआय काढला, त्यात मेंदूत 23 मिलिमीटरची गाठ दिसली. ती टीबीची आहे असे सांगून औषधे सुरू झाली. तीन महिन्यांनी तीच गाठ 29 मिलिमीटरची झाली आहे. मात्र आकडी पुन्हा आलेली नाही आणि वजनही वाढले आहे. निदान चुकले का? औषधे थांबवावीत का? – एक वाचक, जालना

उत्तर : औषधे स्वतःहून मुळीच थांबवू नका, ही पहिली विनंती. टीबीचे जंतू मरू लागले की त्यांचे अवशेष गाठीत मोकळे होतात, शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते आणि त्या दाहामुळे गाठ व तिच्याभोवतीची सूज काही काळ वाढू शकते; औषध लागू पडत असतानाच घडणाऱ्या या प्रकाराला ‘पॅराडॉक्सिकल रिअ‍ॅक्शन’ म्हणतात. एमआरआयमध्ये दाह दिसतो, पण तो मेलेल्या जंतूंमुळे आहे की जिवंत, हे त्यावरून ठरत नाही. म्हणून पुतण्याची सुधारलेली प्रकृती मला त्या सहा मिलिमीटरइतकीच महत्त्वाची वाटते. अशा वेळी बहुधा टीबीची औषधे तशीच ठेवून दाह कमी करणारे स्टिरॉइड देतात व ते हळूहळू कमी करतात.

औषधांना दाद न देणाऱ्या टीबीतही गाठ वाढते, त्यामुळे गोळ्या चुकल्या होत्या का, डोस वजनानुसार आहे का आणि छातीत किंवा मानेच्या गाठीत टीबी असल्यास तिथल्या नमुन्याची औषध-प्रतिरोधासाठी तपासणी झाली आहे का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा.

निदानाची शंका अनाठायी नाही, कारण एमआरआयमध्ये कडेने चमकणारी अशीच गाठ टेपवर्म या आतड्यातल्या जंताच्या अळीमुळेही होते. पूर्वी आपल्याकडे आकडीच्या अनेक रुग्णांना अशा लहान गाठींसाठी टीबीची औषधे दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉक्टरांनी त्या काढून तपासल्या, तेव्हा बहुतेक गाठी अळीच्या निघाल्या. अळीची गाठ सहसा 20 मिलिमीटरपेक्षा लहान व रेखीव असते, तर टीबीची त्याहून मोठी आणि ओबडधोबड. पण हा नियम अपवादांसह वाचावा लागतो. दोन्ही एमआरआयच्या सीडी एकाच रेडिओलॉजिस्टला शेजारी ठेवून पाहायला सांगा.

डोकेदुखीसोबत उलट्या, गुंगी, हातापायात कमजोरी किंवा नजर अंधूक होणे, यांपैकी काहीही आढळले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.