वाचकांचे प्रश्न : बाटलीवरचे 12 अंश

प्रश्न : माझे मेहुणे नोकरीनिमित्त प्रागला असतात. मे महिन्याच्या सुट्टीत ते आमच्याकडे आले, तेव्हा त्यांनी सोबत आणलेल्या पिल्सनर बिअरच्या बाटलीवर 12 अंश असा आकडा होता आणि अल्कोहोल मात्र 4.4 टक्के असे छापलेले होते. मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतो. या 12 अंशांचा आमच्या ब्रिक्सशी, म्हणजे रसात विरघळलेल्या घन पदार्थांच्या मापाशी, काही संबंध आहे का? आणि पिल्सनर म्हणजे नेमके काय?
– एक वाचक, संकेश्वर

उत्तर : संबंध आहे, आणि तो अगदी जवळचा आहे. प्रागमधील रसायनशास्त्रज्ञ कार्ल बालिंग यांनी 1843 च्या सुमारास साखरेच्या द्रावणाची घनता मोजण्याची एक मोजपट्टी तयार केली. जर्मनीत ब्रिक्स यांनी पुढे तीच अधिक काटेकोर केली आणि साखर उद्योगाने ती स्वीकारली. बिअर उद्योगात तिचीच सुधारलेली आवृत्ती प्लेटो या नावाने चालते. त्यामुळे 12 अंश म्हणजे आंबवण्यापूर्वीच्या माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या) रसात, वजनाने 100 भागांत, 12 भाग विरघळलेले घन पदार्थ होते, एवढाच त्याचा अर्थ. चांगल्या पिकलेल्या उसाचा रस आपण 18 ते 20 ब्रिक्सचा पाहता. त्या मानाने हा रस पातळ असतो.

या 12 भागांपैकी सगळे आंबत नाहीत. यीस्ट साखरेचे साधारण निम्मे अल्कोहोल आणि निम्मा कार्बन डायऑक्साइड करते, परंतु माल्टमधील लांब साखळ्यांच्या शर्करा तिला पचत नाहीत. आपल्या बाटलीच्या आकड्यांवरून हिशेब मांडला, तर वजनाने साधारण 7 भाग आंबले आणि 5 भाग तसेच राहिले, असे दिसते. या शिल्लक भागामुळेच अल्कोहोल बेताचे असूनही ही बिअर तोंडाला भरीव लागते.

आता पिल्सनरविषयी. हे नाव ज्यावरून पडले, त्या पश्चिम बोहेमियातील (आजच्या चेक प्रजासत्ताकातील) प्ल्झेन शहरात 1838 साली खराब निघालेल्या बिअरची 36 पिंपे नगरभवनासमोर ओतून देण्यात आली. बिअर गाळण्याचा हक्क असलेल्या तेथील नागरिकांनी त्यानंतर एकत्र येऊन सामाईक मालकीची नवी ब्रुअरी उभारली आणि जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील फिल्सहोफेन गावच्या योसेफ ग्रोल यांना प्रमुख म्हणून नेमले. ग्रोल यांचा पहिला घाणा 5 ऑक्टोबर 1842 रोजी झाला आणि नोव्हेंबरमध्ये ती बिअर लोकांपुढे आली. बिअर बहुधा गडद आणि गढूळ असण्याच्या त्या काळात हिचा रंग सोनेरी आणि पारदर्शक होता.

याचे श्रेय एकट्या ग्रोल यांना देण्याचा प्रघात मला पटत नाही. कारागिरी त्यांची होती, पण जुळून आलेल्या गोष्टी अनेक होत्या. धुराचा स्पर्श होऊ न देता गरम हवेने माल्ट वाळवण्याची इंग्लंडमधील पद्धत तेथे आणली गेल्यामुळे माल्ट फिकट राहिले. थंडीत सावकाश काम करून तळाशी बसणारे यीस्ट बव्हेरियाच्या परंपरेतले होते. आणि बोहेमियातल्याच झाटेत्स भागातील हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीच्या फुलांचा) कडवटपणा जिभेला टोचणारा नसून त्याला मसाल्यासारखा, किंचित फुलासारखा गंध होता. माझ्या मते या सर्वांत निर्णायक ठरले ते पाणी. प्ल्झेनचे पाणी विलक्षण हलके आहे, क्षार त्यात नावापुरतेच. जड पाण्यात तूरडाळ शिजता शिजत नाही हे आपल्या भागातील घराघरांत ठाऊक आहे; फिकट माल्टचेही तसेच आहे. पाण्यातील बायकार्बोनेटमुळे त्याच्या रसाची आम्लता बिघडते, रंग गडद होतो आणि हॉप्सचा कडवटपणा खरखरीत लागतो. हलक्या पाण्यात हॉप्स सढळ हाताने घातले तरी चव स्वच्छ राहते.

प्ल्झेनची रीतही वेळखाऊ आहे. दळलेले माल्ट गरम पाण्यात कालवले की त्यातील काही भाग वेगळ्या तांब्याच्या भांड्यात काढून उकळतात आणि पुन्हा मूळ मिश्रणात ओततात, म्हणजे सगळ्याचे तापमान एक पायरी वर चढते. हे तीन वेळा करतात. पुढे थंड आंबवण आणि त्यानंतर कित्येक आठवडे मुरवण. त्यासाठी शहराखाली वालुकाश्मात खोदलेली तळघरे सुमारे 9 किलोमीटर लांबीची आहेत, आणि यंत्राने गारवा निर्माण होण्यापूर्वी तेथे बर्फ साठवला जात असे. पेल्यात ओतताना वर जाड, ओलसर फेस ठेवणे हा तेथे शिष्टाचार आहे. त्या फेसाखाली बिअर वातड होत नाही. घोटात आधी भाजक्या पावासारखी माल्टची चव, मग अगदी पुसट लोण्यासारखा गोडवा आणि शेवटी लांबणारा कडवटपणा येतो.

चेक लोक प्ल्झेनबाहेरच्या अशा बिअरला पिल्सनर म्हणत नाहीत, तर फिकट लागर (थंडीत आंबवून मुरवलेली बिअर) म्हणतात. जगात इतरत्र मात्र हे नाव सर्रास वापरले जाते. आपल्याकडे त्या नावाने मिळणाऱ्या अनेक बिअरमध्ये तांदूळ किंवा मका मिसळलेला असतो आणि हॉप्स बेताचेच, तेव्हा त्यांवरून मूळ चवीची कल्पना करणे न्यायाचे होणार नाही.

बाटली अजून शिल्लक असेल, तर थोडी बिअर पेल्यातून पेल्यात ओतून तिच्यातील वायू पूर्ण घालवावा आणि मग त्यात आपला ब्रिक्स हायड्रोमीटर सोडावा. तो 12 तर दाखवणार नाहीच, पण शिल्लक राहिलेल्या 5 च्याही खाली थांबेल, कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलके असते आणि मोजपट्टी केवळ साखर गृहीत धरून आखलेली आहे.