सलाईनची सुई काढल्याला आठ दिवस झाले तरी हातावरची गाठ जात नाही. सिस्टरने शीर नीट धरली नसावी का? शेक द्यावा का?

आपल्या प्रश्नातील ‘सिस्टरने शीर नीट धरली नसावी’ या शब्दांपाशीच मी अडले, कारण 26 वर्षे वॉर्डात काम करून हेच वाक्य मी घरच्यांकडूनही ऐकले आहे. गाठ आली की दोष सुई लावणाऱ्याचा, हे मला मान्य नाही. पुष्कळ गाठी सुई निघाल्यानंतर तयार होतात.

माझ्या थोरल्या दिरांना न्यूमोनिया झाला तेव्हा त्यांच्या हाताला सुई मीच लावली होती. तीन दिवस शिरेतून अँटिबायोटिक दिल्यानंतर ती काढून मी कापसाचा बोळा ठेवला आणि हात सरळ ठेवून पाच मिनिटे घट्ट दाबून धरायला सांगितले. ते रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असल्यामुळे दोनदा बजावले. मी दुसऱ्या खाटेकडे वळताच भाऊजींनी कोपर दुमडून बोळा घडीत अडकवला आणि घरी जाण्याच्या घाईत त्याच हाताने पिशवी उचलली. कोपर दुमडल्याने शिरेच्या छिद्रावर नेमका दाब पडत नाही, हात उघडला की ते पुन्हा मोकळे होते आणि रक्त त्वचेखाली साचते. संध्याकाळपर्यंत तेथे गोटीएवढी गाठ आणि जांभळा डाग होता. एवढ्याने काही बिघडले नव्हते, कारण असे रक्त शरीर स्वतःच शोषून घेते आणि डाग हिरवा-पिवळा होत दोन-तीन आठवड्यांत जातो. परंतु माझे न ऐकता त्यांनी दोन दिवस ती जागा गरम तेलाने चोळली. तिसऱ्या दिवशी दंडाकडे जाणारी शीर लाल झाली व सुतळीसारखी कडक लागू लागली. हा शिरेचा दाह; औषधाने किंवा सुई काढेपर्यंत शिरेत असलेल्या तिच्या प्लास्टिकच्या नळीने शिरेचे अस्तर दुखावते आणि तेथे रक्ताची गुठळी धरते. तो कडकपणा पुरता जायला दहा आठवडे लागले, आणि ‘हिने माझा हात बिघडवला’ हे वाक्य त्यानंतर कित्येक वर्षे टिकले.

तेव्हा आठ दिवसांनी गाठ असणे यात विशेष काही नाही. गार शेक पहिल्या दिवसापुरता; आता दिवसातून तीन-चार वेळा कोमट ओल्या कापडाने शेका, झोपताना हात उशीवर उंच ठेवा आणि कितीही मोह झाला तरी चोळू नका. सलाईन शिरेबाहेर गेल्याने येणारी सूज मऊ, गार व फिकट असते आणि बहुधा एक-दोन दिवसांत उतरते, म्हणून आपली गाठ ती नसावी. लाली पसरत असेल, पू किंवा ताप असेल, सगळा हात सुजला असेल तर मात्र शेकत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा; धाप लागली तर तातडीने रुग्णालय गाठा. कर्करोगाची औषधे चालू असतील तर वरील शेकाचा सल्ला लागू नाही, कारण त्यांतील काही औषधे शिरेबाहेर गेल्यास गार शेक देतात आणि विन्क्रिस्टीनसारख्यांना उलट गरम. ते उपचार करणाऱ्यांनाच विचारावे.

एक गोष्ट मी भाऊजींजवळ कधी कबूल केली नाही. मनगटाजवळ दोनदा प्रयत्न फसल्यामुळे मी सुई कोपराच्या घडीत लावली होती, आणि सांध्यावरची नळी हात हलला की आत घासत राहते. दुसऱ्या दिवशी ते चुरचुरते असे म्हणाले होते. तेव्हाच ती काढून दुसरीकडे लावायला हवी होती. त्यामुळे दाह चोळण्याआधीच सुरू झाला असेल, हे मी नाकारत नाही. गाठ मात्र कोपर दुमडल्यानेच आली, यावर मी आजही ठाम आहे.