एमजी-१३२ दिलं, तरी बीटा-कॅटेनिन वाढेना

प्रश्न : विंट संदेश (पेशीला बाहेरून मिळणारा एक संकेत) आला की बीटा-कॅटेनिन या प्रथिनाची निर्मिती वाढते, असं मी समजते. एचसीटी-११६ या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींना एमजी-१३२ (प्रोटिअ‍ॅसोम हे पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र बंद करणारं रसायन; १० मायक्रोमोलर, ६ तास) दिलं, पण वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिन किती आहे ते पट्ट्याच्या जाडीवरून दाखवणारी चाचणी) बँड होता तेवढाच. चूक कुठे झाली?
– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : निर्मिती नव्हे, नाश थांबतो. जायकवाडीत आवक तेवढीच असली तरी दरवाजे बंद केले की पाणी चढतं, तसंच हे. पेशी बीटा-कॅटेनिन सतत बनवते आणि सतत मोडते. अ‍ॅक्सिन आणि एपीसी या प्रथिनांच्या संचात सीके-१ हे एन्झाइम आधी बीटा-कॅटेनिनच्या सेरिन-४५ वर (साखळीतलं ४५ वं अमिनो आम्ल) फॉस्फेट लावतं. मग जीएसके-३ हे दुसरं एन्झाइम अनुक्रमे ४१, ३७ आणि ३३ वर. ३७ आणि ३३ वरची ही शेवटची फॉस्फेटची जोडी दिसली की बीटा-टीआरसीपी हे दुसरं प्रथिन बीटा-कॅटेनिनला धरतं, त्यावर युबिक्विटिनची (‘हे मोडा’ अशी खूण करणाऱ्या छोट्या प्रथिनाची) साखळी चढते आणि प्रोटिअ‍ॅसोम त्याचे तुकडे करतो. विंट आला की ही मोडतोड थांबते, साचलेलं प्रथिन केंद्रकात जातं आणि आतड्यातली मूळपेशी मूळपेशीच राहते.

तुमची अडचण पेशींच्या निवडीत आहे. एचसीटी-११६ मध्ये या जनुकाच्या एका प्रतीत सेरिन-४५ च गळालेलं आहे! त्या प्रतीचं प्रथिन आधीच साचलेलं असतं. प्रोटिअ‍ॅसोम बंद करून आणखी काय वाढणार? शिवाय पेशीच्या पडद्यालगत ई-कॅडहेरिनला (पेशी एकमेकींना चिकटवणारं प्रथिन) बांधलेला बीटा-कॅटेनिनचा मोठा साठा टिकाऊ असतो. पूर्ण अर्कात तोच फरक झाकून टाकतो.

एचईके-२९३ या मानवी मूत्रपिंडाच्या पेशी घ्या. तीन डिश लावा : नुसतं डीएमएसओ (एमजी-१३२ ज्यात विरघळवतात तो द्रावक), एमजी-१३२ (४ तास), जीएसके-३ ला रोखणारं लिथियम क्लोराइड (२० मिलिमोलर, ६ तास). एकूण बीटा-कॅटेनिनसोबत ३३/३७/४१ वरचं फॉस्फेट ओळखणारं प्रतिपिंडही वापरा. खरी गंमत इथेच आहे : एमजी-१३२ ने फॉस्फेटवालं रूप साचतं, तर लिथियमने ते घटतं आणि एकूण प्रथिन वाढतं. दरवाजा कुठे बंद झाला, ते यावरून कळतं.

एमजी-१३२ चं १० मिलिमोलर द्रावण १ मिली माध्यमाला १ मायक्रोलिटर पुरे. म्हणजे डीएमएसओ ०.१ टक्क्यावर राहतं. द्रावण छोट्या भागांत वाटून उणे २० अंशांवर ठेवा, पुन्हा पुन्हा वितळवू नका. रात्रभर देऊ नका, पेशी मरू लागतात.

युबिक्विटिनची शिडी (साखळीच्या लांबीनुसार एकावर एक दिसणारे बँड) पाहायची असेल तर पेशी फोडायच्या बफरमध्ये ताजं एन-एथिलमॅलिमाइड (१० मिलिमोलर) हवंच, नाहीतर पेशीतली एन्झाइम्स युबिक्विटिनची साखळी काढून टाकतात; एन-एथिलमॅलिमाइड त्यांना रोखतं. त्याच बफरमध्ये डीटीटी (नेहमी वापरलं जाणारं क्षपणकारक रसायन) मात्र नको, ते एन-एथिलमॅलिमाइड निकामी करतं. मेमधल्या उन्हाळ्यात तर सगळं बर्फावरच करा.