ब्लेड घ्यावी की पर्सेप्ट?

प्रश्न : मी चाळिशीतला खेळाडू असून महाविद्यालयात असताना विद्यापीठाच्या संघातून टेनिस खेळलो आहे. आता गंगापूर रोड परिसरात आठवड्यातून चार दिवस खेळतो, त्यातही बहुतेक वेळा दुहेरी. माझा बॅकहँड एका हाताचा आहे आणि मी स्लाइस (चेंडूला मागे फिरकी देणारा, कापल्यासारखा फटका) अधिक वापरतो. सध्याची रॅकेट 100 चौरस इंचांची, 300 ग्रॅमची आणि जाड फ्रेमची आहे. तिने चेंडू जोरात जातो, पण अटीतटीच्या गुणाला तो हमखास बेसलाइनच्या पलीकडे पडतो. नियंत्रणासाठी विल्सनची ब्लेड 98 (16 बाय 19, नववी आवृत्ती) आणि योनेक्सची पर्सेप्ट 97 या दोन रॅकेटी मनात आहेत. दोहोंच्या आकड्यांत इतका थोडा फरक आहे की निवड कशाच्या आधारे करावी, हेच कळत नाही.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण पाहिलेले आकडे खरोखरच जवळचे आहेत. ब्लेड 98 चे तारांशिवायचे वजन 305 ग्रॅम, डोक्याचे क्षेत्रफळ 98 चौरस इंच आणि समतोलबिंदू मुठीच्या टोकापासून 320 मिलिमीटरवर आहे. पर्सेप्ट 97 चे वजन 310 ग्रॅम, क्षेत्रफळ 97 चौरस इंच आणि समतोलबिंदू 310 मिलिमीटरवर आहे. दोहोंची फ्रेम सगळीकडे 21 मिलिमीटर जाडीची आहे आणि दोहोंत उभ्या 16 व आडव्या 19 तारा आहेत. यांपैकी एका चौरस इंचाचा फरक आपण विसरून जावा. पाच ग्रॅमांचा फरकही फारसा मनावर घेऊ नये, कारण कारखान्यातून निघालेल्या एकाच मॉडेलच्या दोन रॅकेटींतसुद्धा तेवढे अंतर सहज सापडते. लक्ष द्यायचे ते समतोलबिंदूतल्या 10 मिलिमीटरकडे.

रॅकेट मुठीच्या टोकापासून साधारण 10 सेंटिमीटरवरच्या बिंदूभोवती फिरते, असे धरून तिची मोजमापे केली जातात. त्या बिंदूपासून ब्लेडचे वजन 22 सेंटिमीटरवर पडते आणि पर्सेप्टचे 21 सेंटिमीटरवर. आता 305 ला 22 ने गुणले तर 6710 येतात आणि 310 ला 21 ने गुणले तर 6510. म्हणजे काट्यावर पाच ग्रॅम हलकी असलेली ब्लेड हातात आडवी धरल्यावर मात्र सुमारे तीन टक्के अधिक जड लागते. फिरवतानाचे वजन, ज्याला खेळाडू स्विंगवेट म्हणतात, हे याहून वेगळे माप आहे. त्यात अंतराचा वर्ग येतो, त्यामुळे डोक्याकडचा एकेक ग्रॅम मुठीकडच्या ग्रॅमपेक्षा कितीतरी पटींनी जाणवतो. केवळ वजनाचा आकडा पाहून रॅकेट निवडणारे चांगले खेळाडू मी पाहतो तेव्हा मला खरोखर वाईट वाटते, कारण मनगट आणि कोपर दिवसभर ज्याच्याशी झुंजतात तो आकडा त्यांनी वाचलेलाच नसतो.

या फरकाचा आपल्या खेळावर काय परिणाम होईल, ते पाहू. डोक्याकडे वजन असलेली रॅकेट समोरून आलेल्या जोरदार चेंडूपुढे डगमगत नाही. दूर उभे राहून सर्व्हिस परतवताना आणि पूर्ण स्विंगने फोरहँड मारताना ब्लेड आपले वजन स्वतःच चेंडूत घालते, खेळाडूला वेगळा जोर लावावा लागत नाही. मात्र दुहेरीत नेटजवळ उभे असताना, चेंडू छातीवर आल्यावर रॅकेट फोरहँडकडून बॅकहँडकडे वळवायला मिळणारा वेळ फारच थोडा असतो आणि तिथे मुठीकडे झुकलेला समतोल उपयोगी पडतो. हे काम पर्सेप्ट अधिक सहजपणे करते. एका हाताच्या बॅकहँडलाही तिचाच फायदा अधिक होतो, कारण उशीर झालेल्या फटक्यात रॅकेटचे डोके मागे राहून मनगट मोडण्याची भीती कमी होते.

दुसरा फरक डोक्याच्या आकाराचा आहे. योनेक्सच्या रॅकेटींचे डोके कोपऱ्यांकडे किंचित चौकोनी असते आणि कंपनी या आकाराला आयसोमेट्रिक म्हणते. लंबगोल डोक्यात मधल्या तारा लांब आणि कडेच्या तारा बऱ्याच आखूड असतात. चौकोनाकडे झुकलेल्या डोक्यात कडेच्या तारांनाही पुरेशी लांबी मिळते, त्यामुळे चेंडू मध्यापासून वर किंवा बाजूला लागला तरी फटका अगदीच मेल्यासारखा जात नाही. म्हणूनच एक चौरस इंच लहान असूनही पर्सेप्ट हातात लहान वाटत नाही. ब्लेडचा मध्यभाग अधिक स्पष्ट जाणवतो. मधोमध लागलेला चेंडू तारांवर क्षणभर मुरून सुटल्याची तिची जाणीव इतकी लोभसवाणी आहे की अनेक खेळाडू केवळ तेवढ्यासाठी ती सोडत नाहीत. चेंडू मात्र तिच्यावरून जरा वरच्या कोनात निघतो. टॉपस्पिन (चेंडूला पुढे फिरवणारी फिरकी) मारणाऱ्याला ते हवेच असते, पण स्लाइस आणि सपाट व्हॉलीवर (टप्पा पडण्याआधी मारलेल्या फटक्यावर) भर असलेल्या खेळाडूला हा कोन खाली आणण्यासाठी मनगट सतत सांभाळावे लागते.

नियंत्रणाची रॅकेट म्हणजे मवाळ खेळाची रॅकेट, अशी समजूत क्लबांमध्ये फार पसरलेली आहे, म्हणून एक उदाहरण देतो. 2023 आणि 2024 ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकणारी आर्यना सबालेंका ब्लेड घेऊन खेळते आणि महिला टेनिसमध्ये तिच्याइतक्या जोराने चेंडू मारणाऱ्या थोड्याच. जोर तिच्या अंगातच आहे, त्यामुळे तो आवरणारी फ्रेम तिला लागते. आपल्या सध्याच्या जाड फ्रेमचे याच्या उलट आहे. जाड फ्रेम कमी वाकते, चेंडूची ऊर्जा जवळजवळ तशीच परत करते आणि फटका आपण ठरवलेल्यापेक्षा लांब जातो. 21 मिलिमीटरची फ्रेम आघाताच्या क्षणी अधिक वाकते आणि त्यातली काही ऊर्जा स्वतःकडे ठेवते. ही उणीव भरून काढायला खेळाडूचा स्विंग पूर्ण आणि धीट असावा लागतो. चेंडू बाहेर जाईल या भीतीने आपण हात आखडता घेत असाल, तर नव्या रॅकेटने पहिले काही आठवडे चेंडू नेटमध्ये जातील, आणि त्या काळात तिच्याविषयी मत बनवू नये.

माझे मत विचाराल तर, आपण वर्णन केलेल्या खेळासाठी मी पर्सेप्ट 97 निवडेन. आपण एकेरी अधिक खेळत असता, बॅकहँड दोन हातांचा असता आणि गुण बेसलाइनवरून फिरकीने बांधत असता, तर तितक्याच ठामपणे ब्लेड सुचवली असती.

तरीही खरेदीपूर्वी दोन्ही रॅकेटी खेळून पाहाव्यात. त्यासाठी दोहोंत एकाच जातीचे, एकाच जाडीचे गटिंग (तारा, म्हणजेच गट, ताणून बसवणे) एकाच ताणावर, शक्यतो एकाच दिवशी करून घ्यावे. एकीत ताजे पॉलिएस्टर आणि दुसरीत दुकानात महिनोन्महिने ताणलेले गट असेल, तर आपण रॅकेटींची नव्हे, तारांची तुलना करत असता, आणि बहुतेक चुकीचे निर्णय इथेच होतात. कोर्टाच्या मध्यावरून सावकाश रॅली करून दोन्ही छानच वाटतील. पारख करायची ती सर्व्हिस परतवताना, धावत जाऊन मारलेल्या बॅकहँडवर आणि तिसऱ्या सेटमध्ये हात थकल्यावर. दोन रॅकेटी घ्यायच्या असतील तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा दुकानात न्यायला संकोच करू नये. काट्यावर वजन पाहावे आणि पट्टीच्या कडेवर रॅकेट तोलून समतोलबिंदूही मोजावा. दोन्ही आकडे जुळणारी जोडी मिळेपर्यंत दुकानदाराला आणखी नग दाखवायला सांगावेत.

प्रश्न : माझ्याकडे ब्लेड 98 ची 16 बाय 19 रॅकेट आहे. मी एकेरी खेळतो. चेंडू अजून थोडा आवरावा असे वाटते. 18 बाय 20 घ्यावी, की आहे त्याच रॅकेटला शिशाची पट्टी लावावी?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : दोन्ही उपायांचे काम वेगवेगळे आहे. 18 बाय 20 मध्ये तारांची जाळी दाट होते. त्यामुळे तारा कमी सरकतात, चेंडू खालच्या कोनात निघतो, फिरकी थोडी घटते आणि गट अधिक दिवस टिकते. आपले चेंडू लांबीत चुकत असतील, म्हणजे खोलवर मारायला जाऊन बाहेर पडत असतील, तर हा बदल उपयोगी ठरेल. पर्सेप्टमध्येही 97 डी या नावाने 18 बाय 20 ची रॅकेट मिळते, पण ती तारांशिवायच 320 ग्रॅमची आहे आणि रोज व्यायाम न करणाऱ्याच्या खांद्याला ती झेपणे कठीण आहे.

चेंडू दिशेत चुकत असेल, जोरदार फटक्यापुढे रॅकेट हातात फिरत असेल, तर मात्र शिशाची पट्टी लावून पाहावी. डोक्याच्या दोन्ही बाजूंना, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी, प्रत्येकी 2 ग्रॅम लावले तर स्विंगवेट सुमारे सात एककांनी वाढते आणि समतोलबिंदू डोक्याकडे साधारण 3 मिलिमीटर सरकतो. तेच 4 ग्रॅम बाराच्या जागी लावले तर स्विंगवेट जवळजवळ दुप्पट, तेरा-चौदा एककांनी वाढेल, म्हणून तिथे हात जपूनच लावावा. पट्टी काढता येते आणि रॅकेट परत करता येत नाही, तेव्हा आधी पट्टीच लावून पाहणे शहाणपणाचे.

प्रश्न : नोकरीमुळे मुंबईहून नाशिकला आलो. रॅकेट पर्सेप्ट 97 आणि गटिंगचा ताण 50 पौंड, दोन्ही तेच ठेवले आहे, तरी इथे चेंडू थोडा लांब जातो. हा माझा भास आहे का?
— एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : भास नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे आणि एवढ्या उंचीवर हवा किनाऱ्यापेक्षा पाच-सहा टक्के विरळ असते. चेंडूला होणारा विरोध तेवढा घटतो. शिवाय चेंडूच्या आतला दाब तोच राहून बाहेरचा दाब कमी झाल्याने उसळीही किंचित वाढते. उंचीसाठीचे खास चेंडू आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमांनुसार 1219 मीटरच्या वर वापरले जातात, त्यामुळे इथे नेहमीचेच चेंडू योग्य आहेत आणि उरलेला फरक गटिंगमध्ये भरून काढावा लागतो. मुंबईतला ताण 50 पौंड होता, तर इथे 51 किंवा 52 करून पाहावा.

हवामानाचा परिणाम मात्र उंचीपेक्षाही मोठा आहे. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांच्या खाली जातो आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी चाळिशीला टेकतो. थंडीत चेंडू कमी उसळतो आणि पॉलिएस्टर लाकडासारखे कडक लागते, म्हणून सकाळी सहाला खेळणाऱ्यांनी हिवाळ्यात ताण दोन पौंडांनी उतरवावा. कोपर दुखण्याच्या तक्रारी मला याच दिवसांत अधिक ऐकू येतात. ज्यांना असा त्रास आहे त्यांनी पूर्ण पॉलिएस्टर सोडून उभ्या तारा पॉलिएस्टरच्या आणि आडव्या मऊ मल्टिफिलामेंटच्या (अनेक बारीक तंतू एकत्र करून केलेल्या) घ्याव्यात. उन्हाळ्यात चेंडू आणि तारा दोन्ही तापतात, तेव्हा ताण दोन पौंडांनी चढवावा आणि रॅकेटची बॅग बंद मोटारीत उन्हात ठेवू नये, कारण तारा तिथे एका दुपारीही सैल पडतात. नैसर्गिक गट (जनावरांच्या आतड्यांपासून केलेली तार) वापरत असाल तर पावसाळ्याचे चार महिने ती बाजूला ठेवावी, कारण ती ओलावा शोषून फुगते आणि तिचे धागे सुटू लागतात. ताणाचे हे बदल करण्यापूर्वी शेवटचे गटिंग कधी केले होते, ते मात्र आठवून पाहावे. पॉलिएस्टर न तुटताही आपला ताण गमावते, आणि दोन-तीन महिन्यांपूर्वी 50 पौंडांवर केलेले गट आज 50 वर राहिलेले नसते.